बरोक फ्लूट सोनाटाचा टेम्पो, की आणि मूड कसा ओळखायचा: आधी बेस वाचा

फ्लूट शिकणाऱ्या पोरांना, आणि माझ्यासारख्या चाळिशीत शिकायला बसलेल्यांना पण, हा प्रश्न हमखास येतो. बरोक काळातल्या, म्हणजे बाखच्या वेळच्या, सोनाटाच्या या मूव्हमेंटचा (एका भागाचा) टेम्पो, म्हणजे वेग, काय, की, म्हणजे पट्टी, कुठली, मूड काय? आणि आपण काय करतो, तर पानाच्या वरचा इटालियन शब्द वाचून दाखवतो, शार्पची चिन्हं मोजतो, मायनर (कोमल गंधाराची पट्टी) निघाली की "सॅड" म्हणून मोकळे होतो. मी पण हेच केलं होतं. पुढ्यात बाखची ई मायनर सोनाटा, म्हणजे बीडब्ल्यूव्ही १०३४ (बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर), पहिली मूव्हमेंट, वर लिहिलेलं अडाजियो मा नॉन तांतो. मी ठोकून दिलं, स्लो, ई मायनर, सॅड. सर म्हणाले सॅड का? म्हटलं मायनर आहे ना. मग ते म्हणाले पान उलट, दुसरी मूव्हमेंट पण ई मायनरच आहे, अलेग्रो आहे, ती पण सॅड का रे? मी गप्प.

तर हे लिहितोय ते त्या गप्प बसण्यावरचं उत्तर समजा. थोडक्यात म्हणजे आपण सगळं उलट्या क्रमाने करतो. वरचा शब्द पहिला बघतो आणि बेस, म्हणजे खालच्या स्वरांची ओळ, कधीच बघत नाही. खरं तर आधी बेस, मग की, मग मूड, आणि टेम्पो सगळ्यात शेवटी, कारण टेम्पो हा बाकी तिघांतून निघतो. उदाहरणाला हीच १०३४ घेतो, कारण बहुतेकांच्या वाट्याला ती कधी ना कधी येतेच.

पहिलं काम, नुसता फ्लूट पार्ट घेऊन बसू नका. आयएमएसएलपी या वेबसाइटवर स्कोअर (सगळ्या ओळी एकत्र असलेली प्रत) फुकट मिळतो, खाली बेसची ओळ असलेला घ्या आणि प्रिंट काढा, मोबाइलच्या स्क्रीनवर हे काम होत नाही, पेन्सिल लागते. नुसता फ्लूट पार्ट वाचणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकून भांडण कशावरून आहे ते ठरवणं. या सोनाटा लिहिल्याच दोन ओळींत आहेत, वर फ्लूट, खाली बेस, आणि बेसच्या वर-खाली बारीक आकडे, ६, ७, ४ वगैरे. ते आकडे हार्प्सिकॉर्डवाल्यासाठी, या बेसवर कुठली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भरायची ते सांगणारे. हार्प्सिकॉर्डचा डावा हात आणि जोडीला चेलो किंवा गांबा (चेलोसारखं जुनं वाद्य) असे मिळून ती ओळ वाजवतात, याला कंटिन्युओ म्हणतात. आकड्यांना घाबरू नका, आत्ता फक्त किती दाट आहेत एवढंच बघायचंय.

आता ती खालची ओळ वाजवा. घरात पेटी असेल तर फार उत्तम, एका बोटाने नुसती बेसची ओळ वाजवायची आणि भात्यावर हात असल्यामुळे कुठे जोर द्यावासा वाटतो ते आपोआप कळतं, हे मला पियानोवर कधी कळलं नव्हतं. पेटी नसेल तर गुणगुणा, आवाज खाली जात नसेल तर सप्तक वर घ्या, कोणी बघत नाहीये. १०३४ च्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये ही ओळ बहुतेक क्वेव्हरमध्ये (अर्ध्या मात्रेच्या नोटांत) एकसारखी चालत राहते आणि वर फ्लूट सेमीक्वेव्हरमध्ये (पाव मात्रेच्या), जवळजवळ न थांबता. म्हणजे खाली पावलं, वर बोलणं. हे लक्षात आलं की अर्धं काम झालं, कारण हा हंबरडा फोडणारा माणूस नाही, हा चालता चालता मनातलं सांगतोय, आणि चालतोय म्हणजे तो कुठेतरी निघालाय.

अजून एक गोष्ट बेसवरूनच कळते, ती म्हणजे कॉर्ड किती वेळाने बदलते. प्रत्येक क्वेव्हरला नवा आकडा दिसत असेल तर ती जागा पळवता येत नाही, कानाला प्रत्येक बदल पचवायला वेळ लागतो. एका अख्ख्या बारला, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या खंडाला, एकच कॉर्ड असेल तर वर कितीही काळ्या नोटा दिसू देत, बार उडतो. पानावर काळं काळं दिसलं म्हणून फास्ट आणि पांढरं दिसलं म्हणून स्लो असा हिशोब बरोकला लावला की फसलात, उलट स्लो मूव्हमेंटचीच पानं जास्त काळी असतात.

मग की

की सिग्नेचरला (ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हांत) एक शार्प, स्वर अर्धा चढवणारं चिन्ह, म्हणजे जी मेजर किंवा ई मायनर. कुठली ते दोन जागांवरून कळतं. एक म्हणजे बेसची शेवटची नोट, फ्लूटची नाही, बेसची, फ्लूट शेवटी कॉर्डमधल्या कुठल्याही नोटेवर थांबू शकतो. दुसरं म्हणजे मधे मधे डी शार्प दिसतोय का. ई मायनरमध्ये डी शार्प हा लीडिंग नोट, म्हणजे सा कडे नेणारा स्वर. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनची पट्टी, गंधार धैवत कोमल, निषाद एरवी कोमल पण सा कडे चढताना शुद्ध होतो. आपल्याकडे निषाद कोमल का शुद्ध हे राग ठरवतो, इथे ते बरंचसं पुढे येणाऱ्या सा ने ठरवलंय, एवढा फरक ध्यानात ठेवा. आणि कृपा करून "हा अमुक राग आहे" इथपर्यंत जाऊ नका, मी गेलो होतो, दोन ओळींनंतर बाख बी मायनरमध्ये निघून गेला आणि माझा राग तिथेच उभा राहिला.

कारण असं की इथे की म्हणजे एक ठिकाण नाही, प्रवास आहे. घर ई मायनर, तिथून प च्या मायनरला म्हणजे बी मायनरला, नाहीतर रिलेटिव्ह मेजरला म्हणजे जी मेजरला, कधी ए मायनरला जायचं आणि परत घरी. ते कुठे कुठे थांबतंय ते शोधायला बेसमध्ये प वरून सा वर उडी बघायची, पाच खाली किंवा चार वर. अशी उडी आणि वर फ्लूटला ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची भराभर अदलाबदल) दिसली की तो कॅडेन्स, म्हणजे थांबा. प्रत्येक कॅडेन्सवर पेन्सिलने गोल करा आणि वर कीचं नाव लिहा. चार-पाच गोल होतील, तोच तुमचा नकाशा. मायनर मूव्हमेंटमध्ये एखादा गोल जी मेजरचा आला की तिथे ऊन पडल्यासारखं होतं, ते तुम्हाला वाजवायचंय, सगळं एकाच रडक्या आवाजात नाही.

कीच्या बाबतीत दोन सापळे आहेत, दोन्हीत माझा पाय अडकलाय.

एक, जुन्या छापील प्रतींमध्ये मायनर कीला एक फ्लॅट (स्वर अर्धा उतरवणारं चिन्ह) कमी लिहायची पद्धत होती. जी मायनरला आज आपण दोन फ्लॅट लिहितो, तेव्हा बऱ्याचदा एकच लिहायचे आणि ई फ्लॅट जिथे लागेल तिथे जागेवर लिहायचे. सी मायनरला तीनऐवजी दोन. त्यामुळे फॅक्सिमिली (जुन्या प्रतीची हुबेहूब नक्कल) बघताना एक फ्लॅट दिसला की डी मायनर म्हणून मोकळं व्हायचं नाही, शेवटची बेस नोट बघायची.

दोन, रेकॉर्डिंग. मी एकदा यूट्यूबवर १०३४ लावली, शेजारी फोनवर ट्यूनर ॲप, आणि ॲप म्हणतंय ई फ्लॅट. स्कोअर म्हणतो ई. आधी वाटलं ॲप बिघडलं, मग वाटलं माझा फ्लूट बिघडला, हेडजॉइंट आत-बाहेर करून करून दमलो, दोन संध्याकाळी यात गेल्या. झालं काय होतं तर वाजवणारे जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवत होते आणि ती मंडळी आजकाल सर्रास ए हा स्वर ४१५ हर्ट्झला धरतात, आपण ४४०. बरोबर अर्ध्या स्वराचा फरक, म्हणजे पांढरी तीन ऐकताना काळी दोन वाटते. काही फ्रेंच संगीत तर ३९२ वर वाजवतात, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली. तेव्हा की कानाने ठरवणार असाल तर आधी रेकॉर्डिंग कुठल्या पिचला आहे ते बघा, आणि परीक्षेत विचारलं तर कागदावर लिहिलेली की सांगा.

आता कीला स्वतःचा मूड असतो का? तेव्हाचे लोक म्हणायचे असतो. हॅम्बुर्गच्या माथेसॉन या संगीतकाराने १७१३ च्या पुस्तकात एकेका कीचा स्वभाव लिहून ठेवलाय. ई मायनरबद्दल तो साधारण असं म्हणतो की ही विचारात बुडालेली, दुःखी, पण सांत्वन मिळेल अशी आशा शिल्लक ठेवणारी. फ्रान्सच्या शारपाँतिए या संगीतकाराच्या यादीत हीच ई मायनर नाजूक, प्रेमातली, तक्रार करणारी. म्हणजे दोघांचं पूर्ण जमत नाही पण दोघंही "घोर दुःख" म्हणत नाहीत हे बघा. बाकी कींच्या बाबतीत तर याद्या आणखी फाकतात, ई फ्लॅट मेजर शारपाँतिएला क्रूर आणि कठोर वाटते, माथेसॉनला करुण. म्हणून या याद्या पाठ करून उत्तरात चिकटवण्याला माझ्या लेखी फार अर्थ नाही.

फ्लूटसाठी मात्र कीचा मूड ही कल्पना नाही, ती वाद्याच्या लाकडातच आहे. तेव्हाचा फ्लूट, ट्रॅव्हर्सो, म्हणजे लाकडी नळी, बोटांना सहा भोकं आणि करंगळीला एक चावी. सगळी भोकं बंद केली की डी. डी मेजर त्याचं माहेर. डी, जी, ए या मेजर की, ई मायनर, बी मायनर इथे तो मोकळा वाजतो आणि म्हणूनच या कींमध्ये फ्लूटचं एवढं संगीत सापडतं. याबाहेरच्या नोटा काढायला मधलं भोक उघडं ठेवून खालची झाकायची, त्याला क्रॉस फिंगरिंग म्हणतात, आणि त्या नोटा दबलेल्या, तोंडावर पदर घेतल्यासारख्या येतात. एफ नॅचरल, जी शार्प, बी फ्लॅट, सी नॅचरल या अशा. आता ई मायनरमध्ये सी नॅचरल म्हणजे कोमल धैवत! म्हणजे स्केलमधली सगळ्यात हळवी नोट वाद्यावर पण आपोआप झाकलेली येते, वाजवणाऱ्याला काही करावं लागत नाही. आपल्याकडे असतो तो बोएम सिस्टीमचा मेटल फ्लूट, १८४७ पासूनचा, त्याचं सगळं कौशल्यच हे की सगळ्या नोटा सारख्या वाजाव्यात. त्यामुळे तो पदर आपल्याला ओठाने घालावा लागतो, सी नॅचरल आला की हवा किंचित कमी, तोंडातला आकार "ऊ". हे एक करून बघा, एका दिवसात फरक ऐकू येईल.

जाता जाता एक सांगतो, श्रुतीवाल्यांना आवडेल. क्वांट्झ म्हणून जो फ्लूटवाला होता, प्रशियाच्या राजाचा, फ्रेडरिक द ग्रेटचा गुरू, त्याने १७२६ मध्ये फ्लूटला दुसरी चावी लावली, कशासाठी, तर डी शार्प आणि ई फ्लॅट वेगळे वाजावेत म्हणून. त्याच्या हिशोबाने फ्लॅट जरा वर, शार्प जरा खाली. पेटीवर दोन्ही एकच काळी दोन, त्याला ते मान्य नव्हतं. म्हणजे पेटीबद्दलची तक्रार फक्त आपलीच नाहीये.

मूड कशावरून ठरवायचा

याच क्वांट्झने १७५२ मध्ये फ्लूटवादनावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात अगदी हाच प्रश्न घेतलाय, की समोरच्या तुकड्यात भाव कुठला आहे ते कसं ओळखायचं. त्याच्या खुणा चार. की मेजर आहे का मायनर. नोटांमधली अंतरं जवळ आहेत का लांब, आणि त्या जोडलेल्या आहेत का तोडलेल्या. डिसोनन्स, म्हणजे खटकणाऱ्या कॉर्ड, किती आणि कुठे. आणि चौथी, वर लिहिलेला शब्द. बघा, शब्द शेवटी.

यातली दुसरी खूण सगळ्यात कामाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. जवळजवळचे स्वर एकमेकांत मिसळत जात असतील तर लाडिक, हळवं किंवा उदास. तुटक छोट्या नोटा आणि लांब उड्या असतील तर आनंदी किंवा धीट. डॉटेड आणि लांब धरलेल्या नोटा म्हणजे गंभीर. लांब नोटांच्या मधेच भराभर नोटा पेरलेल्या असतील तर भव्य. आता या खुणा १०३४ च्या पहिल्या आणि दुसऱ्या मूव्हमेंटला लावा. दोन्ही ई मायनर, म्हणजे पहिली खूण सारखी. पण अलेग्रोमध्ये नोटा सुट्या, धडाधड, उड्या मोठ्या, एकच नोट ठोकल्यासारखी परत परत येते. ते दुःख नाही, तो निर्धार आहे, थोडासा राग पण म्हणता येईल. सरांना द्यायचं उत्तर हे होतं, मला सुचलं चार वर्षांनी, जिना उतरताना.

तिसरी खूण म्हणजे डिसोनन्स, ती आकड्यांवरून शोधा. बेसखाली ७ किंवा ४-३, २ असे आकडे दिसले की तिथे काहीतरी खटकणार आणि मग सुटणार. खटकते तिथे जोर, सुटते तिथे हलकं. वाक्यातल्या सुस्काऱ्यासारखं. नवशिके नेमकं उलटं करतात, सुटलेल्या नोटेवर जाऊन बसतात, कारण ती गोड वाटते.

एक इशारा स्लरबद्दल, म्हणजे नोटा जोडणाऱ्या कमानीबद्दल. १०३४ ची बाखच्या हातची प्रत उरलेली नाही, ती आपल्यापर्यंत आली ती दुसऱ्यांनी केलेल्या नकलांमधून, आणि स्लर प्रतीप्रतीत वेगळे असतात, त्यावर आजच्या संपादकाची भर. तेव्हा "इथे स्लर आहे म्हणजे हळवं" हा पुरावा कच्चा. अंतरं आणि बेस हे पक्के पुरावे.

नाच पण ओळखायला शिका. वर नाव लिहिलेलं नसताना आत नाच लपलेला असतो. ६/८ किंवा १२/८ मध्ये लंब-लघू-लंब असं झोके घेणारं आलं तर सिसिलियानो, खेड्यातलं, धनगराचं, जरा उदास गोड. तीनच्या तालात दुसऱ्या मात्रेवर वजन पडत असेल तर साराबांद. बाखच्या ई मेजर सोनाटामध्ये, १०३५ मध्ये, तिसरी मूव्हमेंट सिसिलियानो म्हणून नाव देऊनच आहे, तिथे मूड शोधायची गरजच नाही, नाव वाचा आणि झोका घ्या.

आणि टेम्पो

वरचे शब्द. अलेग्रो या इटालियन शब्दाचा अर्थ आनंदी, फास्ट नाही. लार्गो म्हणजे रुंद, ऐसपैस. आंदांते म्हणजे चालत. विवाचे म्हणजे जिवंत, आणि बरोकमध्ये तो अलेग्रोपेक्षा बरेचदा सावकाश निघतो, आपल्या थिअरीच्या गाइडमध्ये मात्र तो अलेग्रोच्या वरच्या पायरीवर बसवलेला असतो. म्हणजे हे शब्द मुळात चालीचे आणि स्वभावाचे आहेत, मेट्रोनोमच्या पट्टीवरचे आकडे त्यांना नंतर चिकटले. मेट्रोनोमचं पेटंटच मेल्त्सेलने १८१५ मध्ये घेतलं, तोवर बाखला जाऊन ६५ वर्षं झाली होती. स्कोअरमध्ये कुठे आकडा दिसला तर तो संपादकाचा, त्याला सल्ला समजा.

मग तेव्हा कसं ठरवायचे? क्वांट्झने नाडी घेतली. मिनिटाला ८० ठोके. कुणाची नाडी, तर दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत, खुशीत असलेल्या, जरा तापट उतावळ्या माणसाची! आपल्याकडे जेवणानंतर नाडी बघायला गेलात तर समोरचा घोरत असेल, पण ठीक आहे. चारच्या तालात, म्हणजे कॉमन टाइमला, अलेग्रो अस्साई असेल तर एका मिनिमला (दोन मात्रांच्या नोटेला) एक ठोका. अलेग्रेत्तोला एका क्रॉचेटला (एका मात्रेच्या नोटेला) एक. अडाजियो कांताबिलेला एका क्वेव्हरला एक. अडाजियो अस्साईला एका क्वेव्हरला दोन ठोके. आणि तालाच्या जागी लिहिलेल्या सी ला उभी रेघ मारलेली असली, म्हणजे आल्ला ब्रेव्हे, तर सगळं दुप्पट वेगाने.

हे अंगावर येणारे टेम्पो आहेत. अलेग्रो अस्साईला मिनिम ८० म्हणजे क्रॉचेट १६०, एका ठोक्यात आठ सेमीक्वेव्हर, सेकंदाला दहाच्या वर नोटा, आणि तो स्वतःच म्हणतो की एका ठोक्यात यापेक्षा जास्त नोटा टंगिंगने (जिभेने नोट सुटी करत) निघत नाहीत. राजाला निघत असतील, मला निघत नाहीत. तर क्वांट्झची पट्टी मी सुरुवातीची खूण म्हणून वापरतो, कायदा म्हणून नाही.

आता १०३४ पहिली मूव्हमेंट. अडाजियो, पण मा नॉन तांतो, म्हणजे "पण फार नको". क्वांट्झच्या अडाजियो कांताबिलेने क्वेव्हर ८०. बारमध्ये आठ क्वेव्हर, म्हणजे एक बार सहा सेकंद, दोन बार बारा. फ्लूट न थांबता बोलतोय हे आठवा. बारा सेकंदांचं वाक्य एका श्वासात, तेही खालच्या सप्तकात जिथे हवा जास्त जाते, मी तरी करू शकत नाही. क्वेव्हर १०० केलं तर बार ४.८ सेकंदांचा, दोन बार दहाच्या आत, आता जमतं. म्हणजे "फार नको" चा अर्थ फुफ्फुसानेच सांगितला. ८० ला वाजवून बघा, खालची पावलं ओढत चालल्यासारखी होतात, प्रेतयात्रा. १०० ला तो मघाचा माणूस परत चालायला लागतो. १२० ला टायपिंग होतं. माझं तरी ९६ ते १०० च्या मधे ठरतं, थंडीत सर्दी असेल तर १०४.

मेट्रोनोम लावायचा तर क्वेव्हरवर लावा, क्रॉचेटवर नको, कारण बेस क्वेव्हरमध्ये आहे आणि तुम्ही बेसशी बोलताय. आणि दहा मिनिटांनी बंद करा. मग बेस नुसता मनात ठेवून वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना टाळी द्या. टाळी कुठे पुढे-मागे करावी लागतेय तिथे तुम्ही बेस सोडलात.

श्वास बारच्या रेघेवर घ्यायचा नाही, तो मोह सगळ्यांना होतो. वाक्य बहुतेक वेळा रेघ ओलांडून पुढच्या बारच्या पहिल्या नोटेवर संपतं, म्हणून ती पहिली नोट वाजवून मग श्वास. सलग सेमीक्वेव्हर असतील तर मात्रेची पहिली नोट थोडी लवकर सोडायची आणि तिथून चोरायचा. चोरीच म्हणतात आमच्या क्लासमध्ये.

टंगिंग पण टेम्पो-मूडच्याच हिशोबात धरा. क्वांट्झ दोन अक्षरं देतो, ती आणि दी. ती चटपटीत नोटांना, दी सावकाश आणि धरून वाजवायच्या जागांना. आपल्याला हे सोपं जातं, त आणि द आपल्या तोंडात आधीच वेगळे आहेत, इंग्रजीवाले दोन्हीला ट-ड करतात. ट्रिल वरच्या नोटेवरून सुरू करायची, उदास मूव्हमेंटमध्ये सावकाश हलवायची, आनंदी असेल तर भराभर, हे पण त्याचंच सांगणं. सगळीकडे एकाच स्पीडची ट्रिल म्हणजे दाराची बेल.

हेच सगळं तिसऱ्या मूव्हमेंटला लावून बघू, भराभर. आंदांते, ३/४. बेस आधी एकटा सुरू होतो, फ्लूट नंतर येतो, म्हणजे बाखने स्वतःच सांगितलं की आधी बेस ऐका. की? सिग्नेचर तीच, एक शार्प, पण आता शेवटची बेस नोट जी, डी नॅचरल राहतोय, म्हणजे जी मेजर, पांढरी पाच, सगळे शुद्ध. मायनर सोनाटात स्लो मूव्हमेंट रिलेटिव्ह मेजरला टाकायची ही नेहमीची रीत, बी मायनरच्या १०३० मध्ये पण मधली लार्गो ए दोल्चे डी मेजरला आहे. मूड? फ्लूटला इथे श्वास घ्यायला जागा आहे, लांब ओळी आहेत, खाली बेस शांतपणे तेच तेच घोळवतोय. विश्रांती, पण झोप नाही. टेम्पो ठरवायला मी घरातल्या घरात चालतो, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बेस गुणगुणत. एका क्रॉचेटला एक पाऊल. बाजारात निघाल्यासारखं चाललो तर फार फास्ट, मंदिरात प्रदक्षिणा घालतो तसं चाललो की बसतं, क्रॉचेट ६३ च्या आसपास. बायको म्हणते पिंजऱ्यातला वाघ. असो.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, ट्रिनिटी असो की एबीआरएसएम, उत्तर देताना तीन शब्द टाकून थांबू नका, प्रत्येकाला "कारण" जोडा. "ई मायनर, कारण शेवटचा बेस ई आणि डी शार्प येतोय. चालतं पण मनातून जड, कारण बेस थांबत नाही आणि फ्लूटचे स्वर एकमेकांना सोडत नाहीत. सावकाश पण ओढलेलं नाही, कारण वर मा नॉन तांतो आहे आणि वाक्य एका श्वासात बसायला हवं." एवढं म्हटलंत की समोरचा पुढचा प्रश्न विचारायच्या आधी खुर्चीत मागे टेकतो.

ज्यांना सरावाला आणखी हवंय त्यांनी बाखच्याच काळातल्या टेलेमान या संगीतकाराच्या मेथडिकल सोनाटा बघा, हॅम्बुर्गला १७२८ आणि १७३२ अशा दोन खेपेला छापलेल्या. त्यात पहिल्या मूव्हमेंटला साधी ओळ आणि तीच सजवून लिहिलेली ओळ अशा दोन्ही दिल्यात. आधी फक्त साधी ओळ आणि बेस घेऊन की, मूड, टेम्पो ठरवा, मग सजवलेल्या ओळीतली सगळ्यात बारीक नोट तुमच्या टेम्पोला बसतेय का बघा. नाही बसली तर तुमचा टेम्पो फास्ट आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या बारमध्येच बोटं अडकली.

राहिली १०३४ ची चौथी, शेवटची अलेग्रो, ३/४, परत ई मायनर. ती मुद्दाम सोडतोय, तुम्ही करा. माझा तिचा टेम्पो अजून ठरलेला नाही, १२६ ला मजा येते, ११२ ला बेस कळतो, आणि चेलोवाला मित्र म्हणतो दोन्ही चूक.